भाऊजी, तुमचा पेपर तपासायचा राहिला

भाऊजी,

काल तुमचा तेरावा झाला. मांडववाले खुर्च्या घेऊन गेले, नागपूरचे पाहुणे दुपारच्या गाडीला बसले, ताई दोन घास खाऊन जरा पडलीय. मी तुमच्या टेबलाशी, तुमच्याच त्या करकरणाऱ्या खुर्चीत बसलेय, कारण तुमचा पेपर अजून माझ्या पर्समध्ये आहे. न तपासलेला. चार फुलस्केप कागद, मधोमध घडी घातलेले, वर तुमच्या ठसठशीत अक्षरात "प्रश्न चौथा". पर्स उघडली की आधी तोच हाताला लागतो. तुम्ही दिलात त्याला अडीच महिने झाले आणि मी त्याची घडीसुद्धा उलगडलेली नाही.

खरं सांगू? मला तुमचा राग आलाय. रडू येतं ते वेगळं, ते ताईच्या गळ्यात पडून झालं. राग मात्र जात नाही. पेपर द्यायचा आणि निकालाआधी निघून जायचं, हे माझ्या कॉलेजातलं सगळ्यात उनाड पोरगंही करत नाही.

मेहुणीनं भाऊजींची थट्टा करायची आणि भाऊजींनी तिला चिडवायचं, हे सगळ्याच घरांत चालतं. आपल्याकडे ते माझ्या उंचीवरून किंवा माझ्या करपलेल्या पोळ्यांवरून चाललं असतं तर मी आनंदानं सोसलं असतं. तुम्ही काय धरून बसलात? वेब. वेब वन, वेब टू आणि वेब थ्री. बारा वर्षं! मी बीसीएच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते, तुम्ही तोफांच्या कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये, मापं तपासण्यात, जन्म काढलात. विषय माझा, पगार मला त्याचा मिळतो, आणि अक्कल मात्र तुम्ही शिकवायचात.

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली हे कबूल. नवीन लागले होते कॉलेजात, आणि रविवारी तुमच्याकडे जेवायला आले असताना इथंच बसून दुसऱ्या दिवसाच्या तासाची तयारी करत होते. कागदावर तीन रकाने आखले होते. पहिल्या वेबमध्ये थोडे लोक लिहितात, बाकीचे वाचतात. दुसऱ्यात सगळेच लिहितात, फोटो टाकतात, एकमेकांना उत्तरं देतात. तिसऱ्यात यंत्रालाही मजकुराचा अर्थ कळायला लागेल. तुम्ही चष्मा लावून मागून डोकावलात.

"हे इश्यू नंबर कोणी दिले?"

"कसले इश्यू नंबर?"

"हेच. वन, टू, थ्री. काहून बदलले? फरकाची चिट्ठी कुठं आहे?"

मग तुम्ही मला अर्धा तास समजावलंत. कारखान्यात ड्रॉइंगमध्ये सूतभर फरक झाला तरी त्याला नवा इश्यू नंबर पडतो. काय बदललं आणि कोणी बदललं याची चिट्ठी सोबत जोडलेली असते. आणि नवं ड्रॉइंग खाली वर्कशॉपमध्ये जाण्याआधी जुन्याची प्रत न् प्रत गोळा करून त्यावर रद्दचा शिक्का मारतात, नाहीतर अर्धे लोक जुन्यावरून माल काढतात आणि अर्धे नव्यावरून.

"आता सांग, वेब टू निघालं त वेब वन रद्द झालं का? शिक्का दाखव."

"भाऊजी, वेब म्हणजे काही तोफेचा सुटा भाग नाही."

"नाही ना? मग नंबर काहून देऊन राहिले?"

ताईनं आतून ओरडून सांगितलं की आमटी निवते आहे. तेव्हा मला वाटलं, विषय संपला. पुढं काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना असती तर त्याच दिवशी तो कागद फाडून टाकला असता.

तुम्हाला एवढा जोर कशाचा होता तेही मला ठाऊक होतं. आपल्या मराठी मंडळाची वेबसाइट तुम्ही स्वतः बनवली होती, ती सुद्धा इथं कोणाच्या घरी नेट नसताना. गोहलपुरातल्या एका दुकानातून जुने सुटे भाग जमवून कॉम्प्युटर जोडलात आणि एक एक ओळ हातानं टाइप करून पानं तयार केलीत. त्यातलं मुख्य पान म्हणजे "आपली कुटुंबं". जबलपुरातलं प्रत्येक मराठी घर, कोण कारखान्यात, कोण रेल्वेत, मूळ गाव कुठलं, फोन काय, रक्तगट कुठला. खाली अभिप्रायाची जागा होती आणि लोक तिथं लिहायचेही. त्यावरूनच तर तुम्ही मला बारा वर्षं छळलंत. "माझ्या पानावर लोक पहिल्या वर्षापासून लिहून राहिले. म्हणजे माझं पान वेब टू झालं का? मग वेब टू निघायच्या आधी ते कुठून आलं?"

मी म्हणायचे, तो अपवाद. तुम्ही म्हणायचात, इन्स्पेक्शनमध्ये अपवाद नसतो, माप बसतं किंवा नाही बसत. मी हात टेकायचे. हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीआधी, एकदा तर माझ्या दाताच्या डॉक्टरकडे, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. तेव्हा मला उत्तर देता येत नव्हतं म्हणून तुम्ही किती खूश होतात!

आणि बरगीची सहल. सगळं मंडळ धरणावर गेलं होतं, कोणाच्याच फोनला रेंज नव्हती, आणि मागच्या बसमधले लोक कुठं उतरले ते कळेना. तुम्ही खिशातून "आपली कुटुंबं"चं छापलेलं पान काढलंत, त्यावरून हजेरी घेतलीत आणि सगळ्यांसमोर मला ऐकवलंत, "देखो मॅडम, वेब वन बिना नेटवर्कचंही चालतं." लोक पोट धरून हसले. कागदाला वेब म्हणत नाहीत हे मी सांगत होते, पण कोण ऐकतो?

मग सिलॅबस बदलला. माझ्या तिसऱ्या रकान्यात नवाच मजकूर आला. आपण जे लिहू, जे टाकू, ते कंपनीचं नाही, आपल्या मालकीचं राहील, आणि त्याची नोंद एकदम हजारो कॉम्प्युटरांवर ठेवली जाईल. जुना अर्थही पुस्तकात तसाच राहिला. दोन्हींचं नाव वेब थ्री. मी हे तुमच्यापासून लपवून ठेवणार होते, पण एका रविवारी तुम्ही माझं पुस्तक चाळलंत आणि टेबलावर थाप मारलीत.

"एकाच नंबराची दोन ड्रॉइंगं! अगं, आमच्याकडे असं झालं असतं त पूरा लॉट रोकून ठेवला असता."

त्या दिवशी मी जेवले नाही, आठवतं? ताईनं डबा भरून दिला आणि तुम्हाला चांगलं झापलं.

आता तुमचीही एक गोष्ट काढतेच, कारण तुम्ही ती नेहमी अर्धीच सांगायचात. मंडळातले कुलकर्णी काका गेले तेव्हा तुम्ही पानावरून त्यांचं नाव काढलं नाहीत. नावावर एक आडवी रेघ मारलीत, शेजारी तारीख घातलीत आणि पुढं तुमच्या सहीची दोन अक्षरं. कारखान्यातल्या रजिस्टरमध्ये मारतात तशी. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन माझ्याकडे आला. बिचाऱ्या रडत होत्या. "वैजू, माझ्या माणसावर काट मारली हो तुझ्या भाऊजींनी!" मी तशीच स्कूटर काढून तुमच्याकडे आले आणि दारातूनच भांडायला लागले. तुम्हाला तर चूक काय झाली तेच कळेना.

"रेकॉर्डमधलं काही पुसायचं नसतं. एक रेघ, खालचं नाव वाचता आलं पाहिजे, आणि जबाबदारीची सही. पुसलं असतं त ते इथं कधी नव्हतेच, असं झालं असतं ना."

"ही माणसं आहेत, भाऊजी! रजिस्टर नाही."

तुम्ही चपला घातल्या आणि काकूंकडे गेलात. मी मागोमाग. तुम्ही हात जोडलेत, रेघेचा अर्थ सांगितलात आणि म्हणालात, आत्ता जाऊन काढतो. काकूंनी आपल्याला आत बसवलं. मग म्हणाल्या, "रेघ राहू द्या. पण सही माझी घाला." तेव्हापासून मंडळात तीच रीत पडली. दहाव्यानंतर ताईनं मला याच टेबलाशी बसवलं आणि तुमच्या नावावर रेघ मारून घेतली. सहीची अक्षरं तिची. माझं तीनदा चुकलं, आणि ती शेजारी उभी राहून तुमच्यासारखीच म्हणाली, "नीट बघ, खालचं वाचता येतंय ना?"

पण एकदा मी जिंकले होते. ते तुम्ही कधी मान्य केलं नाहीत म्हणून आज इथं लिहून ठेवते. ताईच्या ऑपरेशनला रक्त हवं होतं. तुमच्या पानावर त्या गटाची तीन नावं निघाली. एक घर पुण्याला गेलेलं, एकावर रेघ, आणि तिसरे सत्तरी ओलांडलेले. तुम्ही तो छापील कागद हातात धरून दवाखान्याच्या जिन्यात बसला होतात. मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकल्या. पंधरा मिनिटांत दोन माणसं आली. एक बँकेत नुकताच बदलून आलेला मुलगा आणि एक फौजी अधिकाऱ्याची बायको. दोघांचं नाव तुमच्या यादीत नव्हतं. ताई घरी आल्यावर मी विचारलं, आता तरी वेब टू मानाल का?

"माणसं चांगली आहेत," तुम्ही म्हणालात. "त्यात वेबचं काय?"

मला उशी फेकून मारावीशी वाटली. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही त्या दोघांची नावं, गावं आणि रक्तगट पानावर चढवलेत.

त्या ग्रुपवर लोक न वाचताच टाकतात असं तुम्ही म्हणायचात, त्याचंही ऐका. तुमची बातमी मीच टाकली. सकाळी दूध घेऊन आलात, पिशवी ओट्यावर ठेवलीत, छातीत दुखतंय म्हणून खाली बसलात, आणि दवाखान्यापर्यंत पोचलाच नाहीत. हे सगळं मला दोन ओळींत लिहावं लागलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेच्या मधोमध कोणीतरी उगवता सूर्य आणि शुभ सकाळ टाकलं, वर हसरा चेहरा. न वाचता. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून "बघ" एवढंच म्हणाला असतात. मरूनसुद्धा मुद्दा जिंकायची ही तुमची तऱ्हा मला मुळीच आवडलेली नाही, भाऊजी.

आता त्या पेपरकडे येते. त्याला निमित्त झालं लांबच्या कुंडम गावाहून येणारी माझी एक विद्यार्थिनी. वर्गात कधी तोंड न उघडणारी. मी फळ्यावर तेच तीन रकाने काढले आणि ती उभी राहून म्हणाली, "मैम, हमारे यहाँ तो तीनों एक ही दिन आए। जिस दिन भैया फ़ोन लाए।" वर्ग हसला. मी तिला बसवलं. आणि मूर्खासारखं ते मी रविवारी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात!

"तिला माझ्याकडून पैकीच्या पैकी दे."

"ती परीक्षा नव्हती."

"मग परीक्षेत काय विचारलं?"

माझ्या पिशवीत चाचणीची प्रश्नपत्रिका होती. तुम्ही ती वाचलीत. चौथा प्रश्न, वेबच्या तीन पिढ्यांतला फरक स्पष्ट करा, गुण दहा. "हा प्रश्नच गलत आहे," तुम्ही म्हणालात. माझं डोकं फिरलं. "मग लिहून दाखवा ना उत्तर! नुसतं बसून बोलणं सोपं असतं." पुढच्या रविवारी जेवणाआधी तुम्ही हे चार कागद माझ्यासमोर ठेवलेत. सगळ्यांसारखे तपास, म्हणालात, ओळखीची सूट नको.

त्यानंतर पाच रविवार तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "पेपर तपासला का?" हात धुताना, ताटावर, मी गेटाबाहेर स्कूटर काढताना. मला वाटलं, तुम्हाला जिंकल्याचा कागद हवाय. माझ्या लाल शाईत लिहिलेला, मंडळात दाखवायला. म्हणून मी मुद्दाम टाळलं. आणि सहाव्या रविवारी मी सगळ्यांसमोर फटकन बोलले, "मी खऱ्या मुलांचे पेपर तपासू की तुमचे? मला दुसरी कामं नाहीत का?" तुम्ही "अच्छा, ठीक आहे" म्हणालात आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवलात. नंतर कधी विचारलं नाहीत. पुढच्या दोन्ही रविवारी आपण पावसाबद्दल बोललो. तुम्ही आणि मी, पावसाबद्दल! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ताईलाही नाही. तेरा दिवस लोक मला म्हणताहेत की तुझ्यावर भाऊजींची फार माया होती. मी मान हलवते आणि तो तांब्या आठवतो.

माझ्या घरात मला कोणी विचारत नाही, आज वर्गात काय शिकवलंस. कॉलेज कसं झालं एवढं विचारतात, आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. मुलगा तर हिंदीतच म्हणतो, "मम्मी, ये सब तो नेट पे मिल जाता है।" माझा विषय खरा मानून, त्याच्यासाठी आवाज चढवून भांडणारे जगात एकटे तुम्ही होतात. सोमवारचा तास मी घ्यायचे तो शेवटच्या बाकावर तुम्ही बसला आहात असं धरूनच. म्हणून तो बरा व्हायचा. हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं. दरवेळी तुम्ही इतकं संतापवायचात की राहून जायचं.

असो. उघडते आता. लाल पेन तुमच्याच डब्यातलं घेतलंय.

पहिला भाग वाचला. पहिल्या वेबवर दीड पान. अक्षर सुरेख, मुद्दे बरोबर. कोणी लिहिलं, कुठं ठेवलं, वाचणारा तिथवर कसा पोचला, सगळं क्रमानं. माझ्या नोट्समध्ये इतकं साफ नाही. तीनपैकी तीन.

दुसरा भाग. अपेक्षेप्रमाणे अभिप्रायाची जागा! पुन्हा तीच, एक अख्खं पान. ड्रॉइंग, शिक्का, फरकाची चिट्ठी, सगळी वरात. विचारलेल्या फरकाबद्दल एकच ओळ, तीही शेवटी. समासात "विषयांतर" लिहिलंय आणि तीनपैकी एक दिलाय. सूट नको म्हणाला होतात ना?

तिसरा भाग.

भाऊजी, तिसऱ्या भागात काही नाही. समास आखलेला आहे, मथळा आहे, त्याखाली पट्टी धरून रेघ मारलेली आहे. आणि पानाच्या माथ्यावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, "हा भाग मला समजला नाही. तपासताना वैजू सांगेल, मग लिहीन. जागा सोडली आहे." पुढचं दीड पान कोरं.

तुम्ही. ज्यांना आयुष्यात कधी काही समजलं नाही असं कोणी ऐकलं नाही, ते तुम्ही. पाच रविवार तुम्ही शिकायला येत होतात आणि मी तुम्हाला दारातून परत पाठवत होते. मग तसं सरळ म्हणायचं होतं ना! वैजू, हे जरा समजावून सांग. चार शब्द. त्यासाठी चार फुलस्केप कागद कशाला लागले तुम्हाला?

आणि समजा म्हणाला असतात. मी काय सांगितलं असतं? माझे तेच दोन अर्थ, तोच रकाना, आवाज जरा चढवून. बारा वर्षं मी तो फळ्यावर लिहितेय आणि मलाही तो समजलेला नाही. त्या कुंडमच्या मुलीला मी खाली बसवलं ते त्यामुळंच. हे मी कॉलेजात बोलू शकत नाही, घरी कोणाला त्याचं काही पडलेलं नाही. तुम्हाला सांगता आलं असतं. मग आपण दोघं माझं ते पुस्तक मध्ये ठेवून बसलो असतो, भांडत, आणि कदाचित काहीतरी कळलंही असतं.

ताई उठलीय. चहाचं भांडं वाजतंय. मी डोळे पुसून पहिल्या पानावर बेरीज केली. कोऱ्या जागेला गुण देता येत नाहीत, ते शून्य. दहापैकी चार. काठावर पास आहात.

कमी वाटत असतील तर या, भाऊजी. या आणि भांडा.